वाटाण्याएवढ्या पफर माशाची घरगुती पैदास: खानदेशातील पाणी, उन्हाळा आणि पिल्लांचे पहिले दहा दिवस

तापीकाठ (भुसावळ), ९ फेब्रुवारी

नमस्कार मंडळी.

गेल्या दोन वर्षांत माझ्या घरच्या टाक्यांमध्ये ड्वार्फ पफर माशांनी वीसहून अधिक वेळा अंडी दिली आणि त्यांतून वाढून मोठी झालेली पिल्ले आहेत केवळ चौदा. या चौदांपैकी अकरा शेवटच्या तीन खेपांमधली आहेत. त्याआधीच्या सगळ्या खेपा मिळून तीन. हा फरक कशामुळे पडला हे टिपणवही उघडून ताडून पाहिले, तेव्हा लक्षात आले की अंडी मिळवणे हा या कामातला सोपा भाग आहे आणि माझी सगळी मेहनत त्या सोप्या भागावरच खर्ची पडत होती. पिल्ले फुटल्याच्या तिसऱ्या दिवसापासून साधारण बाराव्या दिवसापर्यंत त्यांच्या तोंडात मावेल असे जिवंत अन्न सतत समोर असणे, यावर जवळजवळ सर्व काही ठरते. आधीची माझी पिल्ले आजाराने मेली नाहीत, भुकेने मेली. ते मला फार उशिरा कळले, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

हा मासा म्हणजे कॅरिनोटेट्राओडॉन ट्रॅव्हँकोरिकस. कोकणात समुद्रातल्या ज्या माशाला केंड म्हणतात त्याच कुळातला, पण पूर्ण वाढला तरी जेमतेम तीन सेंटीमीटर भरणारा आणि सारे आयुष्य गोड्या पाण्यात काढणारा. होरा आणि नायर या मत्स्यशास्त्रज्ञांनी १९४१ मध्ये पंपा नदीतल्या माशांवरून त्याचे वर्णन केले. केरळ आणि दक्षिण कर्नाटकातल्या पश्चिम घाटाच्या पाण्याखेरीज तो निसर्गतः जगात कुठेही सापडत नाही. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत त्याची नोंद ‘असुरक्षित’ म्हणून आहे आणि शोभेच्या माशांच्या व्यापारासाठी होणारी पकड हे त्यामागचे एक कारण आहे. आपल्या दुकानांत दिसणाऱ्या या माशांपैकी पुष्कळसे नदीतून धरून आणलेले असतात. घरी जन्मलेले प्रत्येक पिल्लू म्हणजे नदीतला एक मासा वाचला, असा हिशेब मी मनाशी धरतो आणि त्याच भावनेने हे काम करतो.

नर आणि मादी ओळखल्याशिवाय पुढे काही होत नाही. पोटाच्या मधोमध गळ्यापासून मागे जाणारी गडद रेघ आणि डोळ्यांमागे चमकणाऱ्या सुरकुत्यांसारख्या बारीक रेषा असतील तर तो नर. मादी अधिक गोलसर, फिकट पोटाची, आणि तिच्या अंगावर छोटे ठिपके अधिक असतात. लहान वयात हा फरक दिसत नाही, त्यामुळे दुकानातून सहा-सात मासे आणून ते वाढल्यावर वेगळे करावे लागतात. माझ्याकडे साठ लिटरच्या टाकीत एक नर आणि तीन माद्या आहेत. दोन नर ठेवले की दुबळा नर कोपऱ्यात दबून राहतो आणि कुरतडलेल्या शेपटीने दिवस काढतो.

अंड्यांसाठी वेगळी जादू लागत नाही. तीन आठवडे भरपूर जिवंत खाद्य द्यावे, म्हणजे लहान गोगलगायी, धुतलेले ट्युबिफेक्स (दोऱ्यासारखे बारीक लाल कृमी), मोइना (पाणपिसवा). टाकीच्या एका कोपऱ्यात जावा मॉस या पाणशेवाळाचा दाट गुंता ठेवावा आणि चौथा हिस्सा पाणी किंचित थंड पाण्याने बदलावे. माझ्याकडे बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी सकाळी नर मादीच्या मागे लागतो, तिच्या कुशीला तोंड घासतो, दोघे मॉसमध्ये शिरतात आणि काही सेकंदांत सगळे आटोपते. एका वेळी चार, सहा, क्वचित दहा अंडी. अंडे पारदर्शक असते, खसखशीच्या दाण्याहून मोठे आणि मोहरीहून लहान. आईबाप ती खातात, म्हणून त्याच दिवशी मॉसचा गुंता पांढऱ्या आईस्क्रीमच्या डब्यात टाकीच्याच पाण्यात हलक्या हाताने झटकावा आणि खाली पडलेली अंडी रुंद तोंडाच्या ड्रॉपरने उचलावी. पांढऱ्या तळावरही ती पटकन दिसत नाहीत. बाजूने टॉर्च धरला की चमकतात.

उचललेली अंडी मी एक लिटरच्या बरणीत ठेवतो. पाणी आईबापांच्याच टाकीतले, त्यात देशी बदामाच्या वाळलेल्या पानाचा तळहाताएवढा तुकडा आणि सेकंदाला एक-दोन बुडबुडे सोडणारी हवेची नळी. पांढरे पडलेले अंडे लगेच काढावे, नाहीतर त्याची बुरशी शेजारच्या अंड्यावर जाते. सव्वीस-सत्तावीस अंशांवर पाचव्या दिवशी पिल्लू बाहेर येते. डोळे मोठे, बाकी शरीर म्हणजे पापणीच्या केसाचा तुकडा. पहिले दोन-तीन दिवस ते पोटाखालच्या बलकावर जगते आणि तळाशी पडून राहते. ते मेले असे समजून मी एकदा अख्खी खेप फेकून दिली होती. हे लिहिताना आजही वाईट वाटते.

आता मूळ मुद्दा, म्हणजे अन्न. हे अंडी येण्याच्या तीन आठवडे आधी तयार असले पाहिजे, अंडी आल्यावर सुरुवात करून उपयोग नाही.

पहिल्या चार-पाच दिवसांसाठी इन्फ्युसोरिया, म्हणजे पॅरामेशियमसारखे सूक्ष्म जीव. आपण केळीच्या मुलखात राहतो, त्यामुळे याचा कच्चा माल घरोघरी आहे. पिकलेल्या केळ्याची साल स्वच्छ धुऊन उन्हात कडक वाळवावी आणि तिचा दोन बोटांएवढा तुकडा टाकीच्या जुन्या पाण्याने भरलेल्या बरणीत टाकून बरणी खिडकीत, पण थेट उन्हात नव्हे, अशी ठेवावी. दोन-तीन दिवसांत पाणी दुधाळ होते आणि वास येतो. हे जिवाणू असतात. याच टप्प्यावर पुष्कळ जण बरणी ओतून देतात. थांबावे. सहाव्या-सातव्या दिवशी पाणी पुन्हा निवळते, कारण सूक्ष्म जीवांनी ते जिवाणू खाल्लेले असतात. पाणी निवळले, वास गेला आणि भिंगातून धुळीसारखे कण आपणहून फिरताना दिसले की अन्न तयार झाले. दर चार दिवसांनी एक अशा तीन बरण्या लावाव्यात, म्हणजे खंड पडत नाही.

दुसरी पायरी मायक्रोवर्म, म्हणजे अळीसारखे दिसणारे अगदी बारीक कृमी. ओट्सवर वाढवा असे सगळीकडे लिहिलेले असते. मी ज्वारीच्या कण्यांवर वाढवतो. घट्ट शिजवलेल्या कण्या पूर्ण गार करून पसरट डब्यात बोटभर थर द्यायचा, वर चिमूटभर यीस्ट आणि विरजण म्हणून मायक्रोवर्मच्या जुन्या डब्यातला चमचाभर लगदा. चार दिवसांत अळ्या डब्याच्या भिंतीवर चढतात, त्या बोटाने पुसून घ्यायच्या. त्या तळाशी जातात आणि पफरची पिल्लेही तळाशीच शिकार शोधतात, त्यामुळे हे अन्न त्यांना मानवते. मात्र जास्त टाकले की मेलेल्या अळ्या कुजतात आणि लिटरभर पाण्यात अमोनिया चढायला एक रात्र पुरते. माझी चौथी खेप अशी गेली.

तिसरी पायरी आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातला कोळंबीसारखा बारीक जीव, ज्याची वाळवलेली अंडी विकत मिळतात. लिटरला पंचवीस ग्रॅम खडे मीठ, जोरात हवा, वर दिवा आणि अठ्ठावीस अंश तापमान, म्हणजे चोवीस तासांत नारिंगी पिल्ले फुटतात. हवा बंद करून खाली उजेड धरला की ती खाली गोळा होतात आणि कवचे वर राहतात. कवचे पिल्लांच्या पोटात जाता कामा नयेत. गोड्या पाण्याने धुऊन लगेच वाढावे, कारण फुटल्यावर जसजसे तास जातात तसतसा त्यांच्यातला बलक संपतो आणि अन्नाचा कस उतरतो. पफरच्या पिल्लाने आर्टेमिया खाल्ला की त्याचे पोट नारिंगी मण्यासारखे दिसते. ज्या दिवशी सगळ्या पिल्लांची पोटे नारिंगी दिसतील, त्या दिवशी अर्धी चिंता मिटली असे समजावे.

दिवसातून चार वेळा थोडे-थोडे अन्न. रोज ड्रॉपरने तळ साफ करून पाचवा हिस्सा पाणी त्याच तापमानाच्या पाण्याने थेंब-थेंब बदलणे. बाकी प्रश्न आले तर सांगेन.

पांझराकाठ (धुळे), ११ फेब्रुवारी

दादा, आपण इतके नीट लिहिले याबद्दल मनापासून आभार. माझ्याकडे दोन माद्या आणि एक नर आहे. जानेवारीत दोनदा अंडी मिळाली, पण दोन्ही वेळा सगळी पांढरी पडली. आमच्या बोअरच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) साडेआठशे आहे आणि सामू (पीएच) ८.२. दुकानातून सामू उतरवणारे द्रावण आणले, ते टाकल्यावर तो ७ वर येतो आणि दोन दिवसांत परत ८ वर जातो. मी दर दोन दिवसांनी द्रावण टाकत राहिलो. यात काही चुकते आहे का? आणि मे महिन्यात आमच्या खोलीत टाकीचे पाणी ३४ अंशांवर जाते, तेव्हा काय करावे?

बोरीकाठचे सर (अंमळनेर), ११ फेब्रुवारी

पांझराकाठ, ते द्रावण आजपासून बंद करा. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवतो आणि या प्रश्नाचे उत्तर आपल्या जमिनीत आहे. आपले बोअरचे पाणी काळ्या पाषाणातून झिरपत येते आणि सोबत कॅल्शियम, मॅग्नेशियम व भरपूर बायकार्बोनेट घेऊन येते. आपण आम्ल टाकता तेव्हा त्यातल्या काही बायकार्बोनेटचा कार्बन डायऑक्साइड होतो आणि सामू उतरतो. मग तो वायू हवेच्या बुडबुड्यांसोबत निघून गेला की उरलेले बायकार्बोनेट सामूला पुन्हा वर ओढतात. म्हणजे माशांना सामू ८.२ चा त्रास झाला नसता, तेवढा या खाली-वर होण्याचा झाला. अंड्यांना तर नक्कीच. हा मासा स्थिर राहणारा ७.५ किंवा ७.८ सामू सहज स्वीकारतो.

पाणी मुळातूनच हलके करायचे असेल तर त्यात आम्ल न घालता क्षार कमी करावे. दोन भाग आरओचे किंवा गच्चीवर साठवलेले पावसाचे पाणी आणि एक भाग बोअरचे. पावसाचे पाणी पहिल्या दोन-तीन सरी सोडून, गच्ची धुतल्यानंतरचे घ्यावे.

पिल्लांच्या बाबतीत सामूचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे, तेवढे सांगतो. पाण्यातला अमोनिया दोन रूपांत असतो, एक जवळपास निरुपद्रवी आणि एक विषारी. सामू ७ आणि तापमान २५ अंश असेल तर एकूण अमोनियाचा अर्धा टक्का किंवा किंचित जास्त एवढाच भाग विषारी रूपात असतो. सामू ८.२ झाला की हा भाग आठ टक्क्यांवर जातो, आणि त्याच पाण्याचे तापमान ३२ अंश झाले तर बारा-तेरा टक्क्यांवर. म्हणून तापीकाठ यांनी सांगितलेली मायक्रोवर्मची चूक केरळच्या मऊ पाण्यात कदाचित खपून जाईल, आपल्याकडे खपत नाही. रोज तळ साफ करण्याचा त्यांचा आग्रह त्यासाठी योग्य आहे.

तापीकाठ, १२ फेब्रुवारी

सरांनी जे लिहिले ते मला दोन वर्षांपूर्वी कुणी सांगितले असते तर बरे झाले असते. मी सुरुवातीला भुसावळच्या नळाच्या पाण्यात क्लोरीन काढण्याचे औषध टाकून काम चालवत होतो. आता पावसाचे पाणी दोन मोठ्या पिंपांत झाकून ठेवतो आणि ते डिसेंबरपर्यंत पुरते.

उन्हाळ्याविषयी. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो: २५ अंशांवर लिटरला सव्वाआठ मिलिग्रॅमच्या आसपास, तर ३५ अंशांवर सात मिलिग्रॅमही नाही. त्यातच माशांची गरज वाढलेली असते. मोठ्या टाकीला मी वरून छोटा पंखा लावतो, त्याने दोन-तीन अंश उतरतात. पण अंड्यांची लिटरभर बरणी पंख्याने सांभाळता येत नाही, तिचे तापमान दुपारी झरझर चढते.

त्यासाठी मी रांजण वापरतो. न भाजल्यासारखा दिसणारा, पाझरणारा साधा मातीचा रांजण ओल्या वाळूवर ठेवायचा, त्यात पाणी भरायचे आणि अंड्यांची बरणी त्या पाण्यात गळ्यापर्यंत तरंगती बांधायची. बाहेरून ओले पोते गुंडाळायचे. गेल्या एप्रिलमध्ये बाहेर ४३-४४ अंश असताना रांजणातले पाणी दिवसभर २८-२९ अंशांवर राहिले. आपली हवा त्या दिवसांत इतकी कोरडी असते की पाझर सतत वाळत राहतो आणि पाणी गार होते. पावसाळा लागला की हीच युक्ती चालत नाही, पण तोपर्यंत तिची गरजही संपते. वीज गेली तर बॅटरीवर चालणारा हवेचा पंप जवळ ठेवावा; दुपारी दोन तास बुडबुडे बंद पडले तर बरणीतल्या पिल्लांना ते पुरेसे घातक असते.

तरी माझे प्रामाणिक मत असे की पहिली खेप ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळातच घ्यावी. थंडीत हीटरने तापमान वाढवणे सोपे, उन्हाळ्यात उतरवणे कठीण.

गच्चीवरची कमळे (जळगाव), १४ फेब्रुवारी

माझ्याकडे पफरची पिल्ले नाहीत, पण मोठे मासे चार वर्षांपासून आहेत, म्हणून खाद्याविषयी थोडे सांगते. मोइना म्हणजे पाणपिसवा मला शेतातल्या गुरांच्या हाळातून मिळतात. हाळातले हिरवट पाणी सकाळी लवकर जुन्या मलमलीच्या ओढणीतून गाळले की तांबूस ठिपके वर राहतात. हे पाणी थेट टाकीत मात्र घालू नका, कारण त्यातून चतुराच्या अळ्या येतात आणि त्या पिल्लांची शिकार करतात. घरी वेगळ्या टबात यीस्टच्या पाण्यावर मोइना वाढवावी.

उन्हाळ्यात तर मी वेगळे काहीच करत नाही. कूलरच्या टाकीत डासांच्या अळ्या होतात, त्या गाळणीने काढून माशांना घालते. फुकट आणि जिवंत अन्न, आणि मासे त्यावर तुटून पडतात.

सातपुड्याची लेक (चोपडा), १४ फेब्रुवारी

ताई, आपल्या मोइनाच्या माहितीबद्दल आभार, परंतु शेवटच्या परिच्छेदाला मला स्पष्ट विरोध नोंदवायचा आहे. मी आरोग्यसेविका आहे आणि दर पावसाळ्यात घरोघर जाऊन कूलर, पिंप आणि टायर तपासणे हे माझे काम आहे. डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि आपल्याकडच्या उष्णतेत अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. आपण गाळणीने मोठ्या अळ्या काढता, तेव्हा लहान अळ्या आणि कोष मागे राहतात. शिवाय त्याची अंडी टाकीच्या भिंतीला पाण्याच्या रेषेवर चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात. म्हणूनच आम्ही आठवड्यातून एक दिवस टाक्या कोरड्या करून घासायला सांगतो, नुसत्या रिकाम्या करायला नाही. घरात लहान मुले असतील तर कृपया हा मार्ग वापरू नका.

गच्चीवरची कमळे, १५ फेब्रुवारी

आपले म्हणणे मान्य आहे. मी कोषांचा आणि भिंतीवरच्या अंड्यांचा विचार केला नव्हता. काल कूलरची टाकी काथ्याने घासून उन्हात वाळवली. यापुढे मोइना आणि ट्युबिफेक्स यांवरच भागवीन.

तापीकाठ, १५ फेब्रुवारी

सातपुड्याची लेक यांचा मुद्दा प्रत्येकाने लक्षात ठेवावा. एक भर घालतो: हाळातल्या किंवा तळ्यातल्या पाण्यासोबत हायड्रा नावाचा बारीक जीव येतो. तो काचेला चिकटतो आणि आर्टेमिया खाऊन झपाट्याने वाढतो. पफरचे तीन-चार दिवसांचे पिल्लू त्याच्या दोऱ्यांत अडकले तर सुटत नाही. बरणीच्या भिंतीवर पांढरट धाग्यांचे झुपके दिसले की पिल्ले दुसऱ्या बरणीत हलवून पहिली कडकडीत पाण्याने धुवावी.

गोमाईचे पाणी (शहादा), १९ फेब्रुवारी

माझ्याकडे पिवळट हिरव्या पाठीवर मोठे काळे ठिपके असलेले दोन पफर आहेत, दुकानात गोड्या पाण्यातले म्हणून दिले. आता ते बोटभर झाले आहेत. यांची पैदास याच पद्धतीने करावी का?

तापीकाठ, १९ फेब्रुवारी

वर्णनावरून आपला मासा हिरवा ठिपकेवाला पफर दिसतो. तो वेगळा. पंधरा सेंटीमीटरपर्यंत वाढतो आणि त्याला मचूळ पाणी, म्हणजे समुद्री मीठ मिसळलेले पाणी लागते. गोड्या पाण्यात तो हळूहळू खंगतो. खाण्याचे मीठ नको, समुद्री मत्स्यालयासाठी मिळणारे मीठ आणावे आणि खारेपणा काही आठवड्यांत थोडा-थोडा वाढवावा. त्याच्या पैदाशीच्या नादी घरी लागू नये, त्याला आधी मोठी टाकी आणि योग्य पाणी द्यावे.

बोरीकाठचे सर, २० फेब्रुवारी

गोड्या पाण्यात पैदास होणारा आणखी एक भारतीय पफर आहे, त्याचा उल्लेख करतो: लिओडॉन कटकुटिया. हॅमिल्टन या निसर्गशास्त्रज्ञांनी १८२२ मध्ये गंगेच्या खोऱ्यातून त्याचे वर्णन केले. त्याचा नर अंड्यांची राखण करतो. ड्वार्फ पफरमध्ये तसे काहीच नाही, आईबाप अंडी देऊन मोकळे होतात आणि भूक लागली की तीच खातात. राखणीचे काम त्यामुळे आपल्याकडे येते.

काचेचे घर (जळगाव), २३ फेब्रुवारी

मी शोभेच्या माशांचे दुकान चालवतो. ड्वार्फ पफरची पेटी येते तेव्हा त्यातले निम्मे मासे पोट खपाटीला गेलेले असतात. नदीतून पकडल्यापासून दुकानात पोहोचेपर्यंत कित्येक दिवस त्यांना काही मिळालेले नसते, आणि बऱ्याच जणांच्या आतड्यात कृमी असतात. गिऱ्हाईक तोच मासा घरी नेते, तो खातो आणि तरी वाळत जातो. पैदाशीसाठी मासे निवडताना माझी विनंती अशी की दुकानात त्यांना तुमच्यासमोर खाऊ घालायला सांगा. गोगलगाय पाहून जो वळत नाही तो घेऊ नका. घरी आणल्यावर महिनाभर वेगळे ठेवा आणि पांढरी दोऱ्यासारखी विष्ठा दिसली तर जाणकाराला विचारून कृमींचे औषध करा. या माशाला खवले नसतात, त्यामुळे इतर माशांची औषधाची मात्रा डोळे झाकून वापरू नये; तांब्याचे औषध तर मुळीच नको.

तापीकाठ यांच्याकडून मी गेल्या दिवाळीत तीन पिल्ले घेतली होती. ती गोठवलेले ब्लडवर्म (एका लहान माशीच्या लाल अळ्या) पहिल्याच दिवशी खाऊ लागली. नदीतल्या माशांना ते शिकवायला मला दोन आठवडे लागतात. घरची पिल्ले कुणाकडे असतील तर माझे दुकान ती घ्यायला तयार आहे आणि ती मी घरची म्हणूनच वेगळ्या टाकीत ठेवीन.

पांझराकाठ, ७ मार्च

सरांच्या सांगण्यानुसार द्रावण बंद केले, पाणी आरओ मिसळून साडेतीनशे टीडीएसवर आणले आणि तीन आठवडे मासे काहीही न करता सोडून दिले. दरम्यान केळीच्या सालीच्या तीन बरण्या आणि कण्यांचे दोन डबे लावले. आमच्या आईने कण्यांचा डबा पाहून आधी नाराजी दाखवली, पण भिंगातून अळ्या पाहिल्यावर आता तीच रोज डबा तपासते.

शुक्रवारी नऊ अंडी मिळाली. दोन पांढरी पडली, सात टिकली. आज पाचव्या दिवशी सहा पिल्ले फुटली आहेत आणि सातव्या अंड्यात डोळे हलताना दिसतात.

तापीकाठ, ७ मार्च

फार आनंद झाला. उद्या आणि परवा काहीही देऊ नका. बलक आकसला आणि पिल्लू छोट्या-छोट्या झेपा घेऊ लागले की इन्फ्युसोरियाचे दोन ड्रॉपर सकाळी आणि दोन संध्याकाळी.

पांझराकाठ, १२ मार्च

सातपैकी दोन पिल्ले काल गेली. पाचांची पोटे भरलेली दिसतात, पण ती नारिंगी नाहीत. आर्टेमिया समोर येतो, पिल्ले डोळे फिरवून त्याच्याकडे पाहतात, जवळ जातात आणि सोडून देतात.

तापीकाठ, १२ मार्च

दोन जाणे दुर्दैवी आहे, पण सातातून पाच म्हणजे माझ्या पहिल्या वर्षापेक्षा कितीतरी चांगले. पिल्लू पाहून सोडते याचा अर्थ शिकार त्याच्या तोंडाला अजून मोठी आहे. घाई नको, मायक्रोवर्मवर आणखी दोन दिवस ठेवा, इन्फ्युसोरिया चालू राहू द्या आणि आर्टेमिया फुटल्याबरोबरचा, सर्वांत लहान असताना द्या.

पांझराकाठ, १५ मार्च

आज सकाळी पाचही पोटे नारिंगी.

पांझराकाठ, १८ एप्रिल

पाच पिल्ले अजून आहेत, पण एक इतरांच्या दीडपट झाले आहे आणि ते लहानांच्या शेपट्या तोडते. रांजणाची व्यवस्था उत्तम चालली आहे. काल बाहेर ४२ अंश होते आणि बरणीत २८. मोठ्या पिल्लाने काल मोहरीएवढी गोगलगाय पहिल्यांदा फोडली. कवच तुटल्याचा आवाज आला नाही, पण तुकडा तळाशी पडताना आम्ही सगळ्यांनी पाहिला.

तापीकाठ, १८ एप्रिल

त्या मोठ्याला आजच वेगळे करा, उद्यावर टाकू नका. या वयात एकाच खेपेतली पिल्ले एकमेकांना खातात आणि आकारातला फरक हेच त्याचे कारण असते. उरलेल्या चौघांसाठी बरणी आता लहान पडेल. वीस लिटरची टाकी, स्पंज फिल्टर आणि मॉसचे भरपूर आडोसे द्या, म्हणजे एकाला दुसरे सतत दिसत नाही. पिल्ले हलवताना जाळी वापरू नका. पाण्याबाहेर आली तर ती हवा भरून फुगतात आणि ती हवा त्यांना नेहमीच बाहेर टाकता येत नाही. वाटी पाण्यात बुडवून पाण्यासकटच उचला.

पांझराकाठ, आखाजीच्या आदल्या दिवशी

सांगितल्याप्रमाणे सगळे केले. पाचही पिल्ले सेंटीमीटरभर झाली आहेत. आपल्याला एक विनंती होती. ही सगळी एकाच आईबापांची आहेत आणि पुढे यांचीच आपसांत पैदास करू नये असे मला वाटते. आपल्याकडच्या अकरांपैकी एखादा नर देऊ शकाल का? बदल्यात मी यांतली दोन आपल्याला देईन. आखाजीला बहीण माहेरी आली आहे, ती परत जळगावला जाताना मी सोबत येईन आणि तिथून भुसावळला पोहोचेन.

तापीकाठ, आखाजी

अवश्य या. माझ्याकडे दोन वेगवेगळ्या जोड्यांची पिल्ले आहेत, त्यांतला एक नर आपल्यासाठी बाजूला काढून ठेवतो. आपल्या पिल्लांतले नर-मादी अजून ओळखता येणार नाहीत, म्हणून त्यांतली कोणतीही दोन चालतील. येताना पहाटेची एसटी धरा, उन्हात निघू नका. प्रत्येक पिल्लू वेगळ्या पिशवीत, एक भाग पाणी आणि दोन भाग हवा, आणि सगळ्या पिशव्या थर्माकोलच्या खोक्यात. आदल्या रात्रीपासून त्यांना खायला देऊ नका, म्हणजे पिशवीतले पाणी स्वच्छ राहील. आपल्या टाकीतले पाच लिटर पाणीही कॅनमध्ये सोबत आणा. आमच्या आणि आपल्या पाण्यात फरक आहे, आणि पिल्ले माझ्याकडे सोडताना मला दोन तास थेंब-थेंब मिसळावे लागेल.